वर गेल्यावर सांगतो

साल दोन हजार पंचवीस. माझं वय पंच्याहत्तर. कार्डावर त्र्याहत्तर आहे, पण ते गावच्या मास्तरांनी अंदाजानं घातलेलं. त्या शाळेत मी चौथीच्या पुढं थांबलो नाही, तेव्हा तिथलं वयही मी मानत नाही. पाहुणे, तुम्ही माझ्यापेक्षा लहान होता. कितीनं ते ठाऊक नाही, पण लहान होता. लहानानं आधी जायचं नसतं. एवढं शिकलात आणि हेच राहिलं का शिकायचं?

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहा, असा मेधाला निरोप आला होता. ती म्हणाली, "अण्णा, मी बोलते मराठी, पण लिहायला बसले की मधेच हिंदी घुसते." मी म्हटलं, आण इकडं, मी लिहितो. मंडळाच्या चिटणिसांनी फोनवर सांगितलं, "जन्म, शिक्षण, बदल्या कुठं कुठं झाल्या, कोणकोणती पदं भूषवली, एवढं आलं पाहिजे." मी म्हटलं, ते त्यांच्या ऑफिसात विचारा, मला त्यांच्याशी भांडायचंय.

अंक वाचणाऱ्यांसाठी एकदाच सांगून टाकतो. तुमची मेधा ती माझी सून, माझा सतीश तुमचा जावई. तुम्ही सरकारी अधिकारी, बदल्या भोगत भोगत कलकत्त्यात निवृत्त झालात आणि लेकीपाशी राहायचं म्हणून सॉल्ट लेकला घर केलंत. मी विट्याकडचा गलाईवाला. मिसरूड फुटायच्या आधी बौबाजारात आलो. सोनारांच्या दुकानातली धूळ, कचरा, मोड भट्टीत घालून त्यातलं सोनं वेगळं काढायचं, हा आमचा धंदा. आता भट्टी दुसऱ्यांच्या हातात आहे आणि मी न्यू टाउनला सतीशकडं, चौथ्या मजल्यावर. तुमची बायको गेलेली, माझीही गेलेली. झालं, एवढंच.

आमच्या धंद्यात पहिला धडा एकच असतो. समोरचा सोनं म्हणून जे ठेवतो, ते आगीतून बाहेर येईपर्यंत सोनं नसतं. म्हणून मी तुमच्यावर संशय घेतला, त्यात तुमचा अपमान नव्हता. मी सगळ्यांवरच घेतो. पण तुम्ही संशय घ्यायला जागाही फार ठेवली होती.

निवृत्त माणसं पेपर वाचतात, बाजारात जाऊन माशांचे भाव विचारतात, दवाखान्याच्या रांगेत ओळखी करतात. तुम्ही डोंगर चढायला लागलात. आणि राहायला कुठं, तर कलकत्त्यात. इथं चढ म्हणून काय असेल तर तो उड्डाणपुलाचा. एका शनिवारी सकाळी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात, पाठीवर हे एवढं बोचकं.

"अण्णा, तुमचा जिना वापरू का?"

"का? लिफ्ट बंद पडलीय?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

"चढायचंय."

"बोचक्यात काय आहे?"

"पाण्याच्या बाटल्या. वजन पाहिजे ना."

अठरा मजल्यांच्या इमारतीत एक माणूस चालू लिफ्ट सोडून पाण्याचं ओझं घेऊन वर जातो आणि तेच पाणी परत खाली आणतो. हे कुणाला खरं वाटेल? मी दारात उभा राहून तुमच्या बुटांचा आवाज ऐकत राहिलो. सातव्या-आठव्या मजल्यानंतर तो बारीक झाला. मी मनाशी म्हटलं, जिना बिना काही नाही, हे लेकीचं घर तपासायला येतात.

दर शनिवारी यायला लागलात तसा संशय पक्का झाला. त्यातून तुम्ही आमच्या घरात काही खात नव्हता. चहा नको, पोहे नको. घाम पुसत सोफ्यावर बसायचं, खिशातून पत्र्याची लहान डबी काढायची आणि त्यातलं स्वतःचं बिस्किट खायचं. वर आम्हालाच आग्रह, "घ्या ना अण्णा, घरी भाजलेलं आहे." मी दोन-तीन शनिवार दम धरला. मग मेधा आत गेलेली पाहून विचारलंच.

"पाहुणे, आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?"

तुम्ही समजलात. मेधा तुमच्यातली, सतीश आमच्यातला. लग्नात कुणी काही बोललं नव्हतं, पण न बोललेलं मला बोललेल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. तुम्ही डबी बंद केलीत. उठलात, थेट स्वयंपाकघरात गेलात. मी सकाळी थापलेली ज्वारीची भाकरी टोपल्यात होती. ती घेतलीत, ठेचा घेतलात आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायला लागलात. डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

"पटलं?" तुम्ही विचारलंत.

"एक दिवस खाल्ली म्हणून काय झालं?"

"बरं," म्हणालात.

आणि पुढच्या शनिवारपासून तुम्ही आल्या आल्या आधी भाकरी मागायला लागलात. माझ्याच हातची. बौबाजारात आम्ही पोरं पोरं एका खोलीत राहायचो, तेव्हापासून भाकरी मीच थापतो, अजून कुणाला थापू देत नाही. तुम्ही ठेचा मात्र पहिल्या दिवसाच्या निम्मा घ्यायला लागला होता. तेही मी पाहून ठेवलं होतं.

मग एकदा तुम्ही मला सॉल्ट लेकला बोलावलंत, बिस्किटं कशी होतात ते बघायला. बाईमाणसानं केली असती तर मी गेलो नसतो, पण पुरुषमाणूस निवृत्त होऊन बिस्किटं का भाजतो, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तुम्ही परातीत सगळं मांडून ठेवलं होतं. शेंगदाण्याचं कूट, तीळ, मनुका, तूप, हिवाळ्यातला खजुराचा गूळ आणि ते ओट्स.

"हे घोडे खातात," मी म्हटलं.

"म्हणून तर घोडे चढतात."

"मला घोडा करायचाय का?"

"झालात तर बरंच. निदान जिना तरी चढाल."

गूळ तुपात विरघळवून तुम्ही सगळं मळलंत. चिमूटभर मीठ घातलंत. गोडात मीठ कशाला, म्हटलं, तर म्हणालात घाम जातो ना. साखरेचं बिस्किट खाल्लं की अंगात भपकन जोर येतो आणि पुढच्या वळणावर माणूस बसतो. हे हळूहळू पेटतं आणि बराच वेळ जळतं. ही भाषा मला कळली. एवढं एक वाक्य तुमचं मला सरळ पटलं होतं.

पण त्या ओव्हनचा मला भरवसा नव्हता. आत एक दिवा लागलेला, ना जाळ, ना धग, ना आवाज. ही कसली आच? तुम्ही ओटा पुसत होता, तेवढ्यात मी बटण पुढं सरकवलं. थोड्या वेळानं घर धुरानं भरलं. तुम्ही खिडक्या उघडल्यात, ताट बाहेर काढलंत. कोळसा झाला होता. तुम्ही त्यातलं एक उचलून फुंकलंत.

"अण्णा, सोनं कुठंय? मला तर राखच दिसतेय."

"तुमच्या ओव्हनमुळं बिघडलं."

"हो."

"माझ्यामुळं नाही."

"छे!"

त्या "छे" वर मी अजून विचार करतो. आणि तुम्ही ते जळकं बिस्किट कुडुमकुडुम चावून खाल्लंत. सगळं.

त्याच दिवशी आपला मोठा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. तुम्ही म्हणालात, "बिस्किट म्हणू नका याला, शिदोरी म्हणा. वाटेत खायची ती शिदोरी." मी म्हटलं, साफ खोटं. शिदोरी दुसऱ्यानं बांधून द्यायची असते. स्वतःच भाजायचं, स्वतःच भरायचं, स्वतःच खायचं, त्याला डबा म्हणतात. तुम्ही म्हणालात, शब्दकोशात तसं काही नाही. मी म्हटलं, शब्दकोश लिहिणारा कधी घरातून बाहेर पडला नसेल. तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मला बांधून देणारं आता कोण आहे, अण्णा?"

त्या हसण्याचाही मला संशय आला. माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असलं की माणसं असं हसतात.

तरी तुम्ही संदकफूचा डोंगर चढायला निघालात त्या पहाटे मी चार भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी घातली आणि माझ्या निळ्या काठाच्या फडक्यात बांधून सतीशबरोबर पाठवल्या. प्रेम बीम काही नाही. वादात तुमचा शब्द वर राहू नये म्हणून. नंतर मेधानं मला फोनवर तुमचा फोटो दाखवला. कानटोपी, हातमोजे, हातात माझी भाकरी. "मागे केवढा डोंगर आहे बघा!" ती म्हणाली. मला नुसतं धुकं दिसलं. आणि भाकरी एकाच घासाची तुटलेली होती. फोटोपुरता एक घास कुणीही खाईल.

फडकं मात्र परत आलं नाही. मी विचारलं तर म्हणालात, धुवायला टाकलंय. पुढच्या वेळी म्हणालात, वाळतंय. मी म्हटलं, कुठं वाळत घातलंय, डोंगरावर? तर म्हणालात, "रिकामं कसं परत करू, अण्णा? थांबा जरा." असली निमित्तं मी उभ्या आयुष्यात पुष्कळ ऐकली आहेत. मी धरून चाललो की हरवलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि इथंही फक्त तुम्हाला सांगतोय. बाकीच्यांनी वाचली तरी मला त्याबद्दल विचारू नये. माझ्या खालच्या दाढा गेलेल्या आहेत. पुढचे दात शाबूत आहेत म्हणून कळत नाही. कवळी बसवणारा डॉक्टर मला दारातूनच लबाड वाटला, मी परत आलो. भाकरी दुधात कुस्करून खाता येते. भात आहे, वरण आहे. पण तुमची बिस्किटं म्हणजे खडी. पहिल्याच शनिवारी मला कळलं की हे आपलं काम नाही. मग तुम्ही दिलंत की मी म्हणायचो, "नंतर खातो," खिशात टाकायचो आणि खाली दरवानाला द्यायचो. तुम्ही विचारलंत, कसं होतं? मी म्हणायचो, बरं होतं, पण मला गोड फारसं चालत नाही. म्हणायचो आणि तुमच्यासमोर दुधात गुळाचा खडा टाकायचो. इथं मी चुकलो. खोटं बोलताना दोन्ही हातांकडं लक्ष ठेवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही दर वेळी जिना चढायला निघताना मला म्हणायचात, "चला अण्णा. एक गोष्ट सांगायचीय."

"इथंच सांगा की."

"इथं नाही. वर गेल्यावर सांगतो."

एकदा मी तुम्हाला फसवायला लिफ्टनं अठराव्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो. तुम्ही धापा टाकत आलात, मला पाहिलंत, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतलात आणि म्हणालात, "लिफ्टनं आलेल्याला सांगत नाही." आणि सरळ खाली उतरायला लागलात! मी लिफ्टनं तुमच्या आधी खाली पोचलो, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

मग ती शेवटची भेट. मी पाणी प्यायला आत आलो तर तुम्ही आणि मेधा ओट्यापाशी हळू आवाजात बोलत होता. मला पाहून गप्प झालात. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? घरात म्हाताऱ्याला पाहून माणसं गप्प होतात तेव्हा ती कशाबद्दल बोलत असतात? माझ्या डोक्यात लगेच बसलं, की मला गावाकडं धाडायचं ठरलंय आणि सांगायचं काम तुमच्याकडं आलंय. तुम्ही बूट बांधता बांधता म्हणालात, "पुढच्या शनिवारी तरी चला, अण्णा. हळूहळू जाऊ. खरंच सांगायचंय."

मी म्हटलं, "मला हलवायचं असेल तर तोंडावर सांगा."

"वर या. वर गेल्यावर सांगतो."

"तुमचं सांगणं तुमच्यापाशीच ठेवा."

तुम्ही ठेवलंत. हे आपलं शेवटचं बोलणं, पाहुणे. माणसाचा शब्द इतका ऐकायचा नसतो.

पुढच्या शनिवारी मी भाकरी करून ठेवली. तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं रुसले. फोन उचलत नाही म्हटल्यावर मेधा घाबरली. तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा मीही बरोबर होतो. तुम्ही स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होता, मान जरा एका बाजूला, जिना चढून आल्यावर बसायचात तसे. ओव्हन आपला आपण बंद झालेला. जाळीवर बिस्किटं गार होत ठेवलेली. आणि ओट्यावर माझं निळ्या काठाचं फडकं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी पसरून ठेवलेलं.

मेधा तुम्हाला हलवत होती आणि मी त्या फडक्याकडं बघत होतो. होतं तर! मग इतके दिवस वाळतंय वाळतंय म्हणून काय चाललं होतं? मी ते उचललं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. माझंच होतं. मग मेधाला धरलं.

डॉक्टर म्हणाले हृदय. मला अजून पटलेलं नाही. बोचकं घेऊन अठरा मजले चढणारं हृदय खुर्चीत बसल्या बसल्या थांबतं? पण त्यांनी कागदावर लिहून दिलं.

दहाव्याला आम्ही बराकपूरला गेलो. गंगेचा तिथला घाट निवांत आहे. मंडळाच्या ओळखीनं आपल्याकडचे गुरुजी मिळाले. सगळं मेधानं केलं. पूर्वीचा मी असतो तर मुलीनं पिंड ठेवायचा म्हटल्यावर काही बोललो असतो. बोललो नाही. तिचे हात तुमच्यासारखेच आहेत, भात वळताना दिसले. पिंडाशेजारी तिनं तुमच्या शेवटच्या बिस्किटांतलं एक ठेवलं, तुम्हाला आवडायचं म्हणून.

आम्ही मागं सरतोय तोवर कावळा आला. थांबणं नाही, झाडावर बसून बघणं नाही. आला, भातात चोच घातली, गेला, परत आला. सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजी म्हणाले, "छान. काही इच्छा राहिली नव्हती."

माझा विश्वास बसेना. आमच्या गावाकडं कावळा शिवेना म्हणून माणसं उन्हात ताटकळतात, हात जोडून एकेक वचन देतात, तुझ्या पोरांना बघतो, तुझ्या गुरांना बघतो, आणि तुमचा असा झटकन कसा शिवला? मला सांगायची गोष्ट राहिली होती ना? ती कुठं गेली? मी गुरुजींना म्हटलं, "हा घाटावरचा कावळा. रोज माशांवर वाढलेला. ह्याला काय कळतंय? दुसरा येऊ द्या." सतीशनं माझा दंड धरला. "अण्णा, चला आता."

"त्यानं बिस्किटाला चोच लावलेली नाही."

"अण्णा..."

"बघ तू स्वतः."

खरंच लावली नव्हती. भात पसरून टाकला होता आणि बिस्किट जसंच्या तसं. मी वाकून ते उचललं. उचलायचं नसतं, माहीत आहे मला. अंगठ्याखाली धरलं आणि अंगठा आत गेला. तुमचं बिस्किट, ज्यावर सुपारी फोडावी, ते लोण्यासारखं दबलं. मी ते पाण्यात सोडलं, पण अंगठ्याला ते कळलेलं होतं.

गाडीत मी मेधाला म्हटलं, "बिस्किटं मऊ झालीत."

"सादळली असतील. कलकत्त्याची हवा."

असेल. पण आम्ही तिथून सॉल्ट लेकला गेलो, तेव्हा मी तुमच्या बोचक्यातली पत्र्याची डबी काढली. तिच्यात मागच्या खेपेची दोन शिल्लक होती. तीच हवा, जास्त दिवस. टेबलावर आपटली तर टक्‌ वाजली. मग शेवटच्या खेपेची, मेधानं घट्ट डब्यात भरलेली, ती घेतली. मऊ. एक नाही, सगळी. सादळलेली बिस्किटं चिवट होतात, ही चिवट नव्हती. एक मोडून पाहिलं, तर ह्यांच्यात तूप जास्त, कूट अगदी बारीक, मनुका वाटून घातलेल्या. हे बिघडलेलं नव्हतं. मुद्दाम केलेलं होतं.

"मेधा, त्या दिवशी ओट्यापाशी तुझे बाबा काय बोलत होते? मला पाहून गप्प बसलात तेव्हा."

ती रडून थकली होती. "काही नाही हो. विचारत होते, अण्णा भाकरी नेहमी कुस्करूनच का खातात. मी म्हटलं, त्यांना तशी आवडते."

मी खुर्चीत बसलो. तुमच्याच.

"आणि ते वर गेल्यावर सांगतो, ते काय होतं?"

आता ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. "तुम्हालाही म्हणायचे? मला लहानपणी प्रत्येक टेकडीवर हेच. चल, वर गेल्यावर गंमत सांगतो. मी रडत रडत चढायची."

"मग वर काय सांगायचे?"

"काहीच नाही. 'विसरलो बुवा' म्हणायचे आणि हातावर बिस्किट ठेवायचे."

म्हणजे माझा संशय बरोबर होता. फसवणूकच होती. पण पाहुणे, ते तिच्याबरोबर. ती लहान होती. मला तुम्ही "खरंच सांगायचंय" असं म्हणाला होता, आणि त्यातला "खरंच" मी विसरलेलो नाही. सांगायचं होतं ते माझ्या दाढांचं होतं, की दुसरं काही, की काहीच नव्हतं, हे मला मेधाच्या सांगण्यावरून मान्य नाही.

मी खिशातून फडकं काढलं आणि ओट्यावर जिथं होतं तिथंच पसरलं. तेव्हा दिसलं. मी त्या दिवशी फक्त फडकं पाहिलं होतं, त्याच्या शेजारी काय गार होत होतं ते पाहिलं नव्हतं. रिकामं कसं परत करू, असं तुम्ही म्हणाला होता. ती बिस्किटं तुमची नव्हतीच, माझी होती. दुसऱ्यानं भाजलेली, दुसऱ्यानं बांधून द्यायची. कावळ्याला घाटावर कळलं ते मला कळायला सॉल्ट लेक गाठावं लागलं.

वाद तुम्ही हरलात. शिदोरी शब्दाचा अर्थ माझाच खरा ठरला, आणि तुम्हीच तो खरा केलात. पण हरताना असं काहीतरी करून ठेवलंत, की मला जिंकल्याचं सांगायला कुणी उरलं नाही.

मी बिस्किटं फडक्यात ठेवली आणि गाठ मारली. मेधानं पाहिलं. रिकामा डबा धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सतीश-मेधा उठायच्या आत, मी चपला घातल्या आणि जिन्याच्या दारापाशी गेलो. हातात फडक्याची गाठ. दरवान फेरीवर होता. "बाबूजी, लिफ्ट चालू है," म्हणाला. मी म्हटलं, मालूम है. तो माझ्यामागून यायला लागला. मी पडेन असं त्याला वाटलं असावं. मला वाटलं तो बिस्किटांसाठी येतोय, सवय लागलेली. दोन मजले चढून बसलो, मग प्रत्येक मजल्यावर बसलो. गुडघे बोलत होते, मी ऐकलं नाही. सातव्या-आठव्यानंतर तुमच्या बुटांचा आवाज का बारीक व्हायचा ते कळलं. लांब गेल्यामुळं नाही. तुम्हीही तिथं थांबायचात. हे कधी बोलला नाहीत!

अठराव्याच्या वर आणखी एक वळण आहे. त्याच्या टोकाला गच्चीचं दार, आणि दाराला कुलूप.

"चाभी?" मी विचारलं.

"साहब ने तो कभी चाभी नहीं माँगी, बाबूजी. यहीं सीढ़ी पे बैठते थे."

म्हणजे गच्ची बिच्ची काही नव्हतं. ज्या वरच्या नावानं तुम्ही मला एवढं बोलवत होता, ते वर म्हणजे ही एक पायरी आणि समोर चुन्याची भिंत. संशय घ्यायला माणसानं आणखी काय करावं?

दरवान खाली गेला. मी पायरीवर बसलो, भिंतीकडं सरकून, शेजारी जागा ठेवून. श्वास पुरेना. मग फडक्याची गाठ सोडली आणि एक बिस्किट जिभेवर ठेवलं. चावावं लागलं नाही. गूळ विरघळला, तीळ टाळूला लागले, मीठ सगळ्यात शेवटी आलं.

बरं आहे. जास्त काही म्हणणार नाही.

तर सांगा आता, पाहुणे. जिन्यानं आलोय.